शारीरिक शिक्षणाचा तास: पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापकांचे नेहमीचे प्रश्न

खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या नेहमीच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एका वर्गात पन्नास-साठ मुलं, ३५ मिनिटांचा तास, मुरमाचं मैदान किंवा नुसतं अंगण, आणि क्रीडा साहित्याच्या कपाटात चार हवा गेलेले चेंडू. वाचताना एकच मोजपट्टी हाताशी ठेवा: तासात प्रत्येक मूल किती मिनिटं हललं आणि त्याला काय नवीन करता आलं.

पी.टी. आणि शारीरिक शिक्षण यात फरक काय?

पी.टी. हा शब्द कवायतीच्या काळातला. रांगा, सावधान-विश्राम, आकड्यांवर हात वर-खाली. सगळ्या वर्गाने एकाच वेळी एकच हालचाल करायची आणि ती सरळ रेषेत दिसायला हवी, एवढंच त्यात बघितलं जायचं. शारीरिक शिक्षणात बघायचं ते वेगळं असतं. या मुलाला धावता येतं का, थांबता येतं का, पडताना स्वतःला सांभाळता येतं का, चेंडू झेलता येतो का, दम किती टिकतो, आणि हे सगळं मागच्या महिन्यापेक्षा पुढे गेलं का? गणितात आधी बेरीज, मग गुणाकार असा क्रम असतो तसाच इथेही क्रम असतो.

‘आधुनिक’ म्हणजे परदेशी साहित्य नव्हे. महाराष्ट्रात या विषयाचा शास्त्रशुद्ध विचार शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं, आणि कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली ती १९३८ साली. लंगडी, खो-खो, मल्लखांब, लेझीम हे सगळं आजच्या तासातही उत्तम बसतं. फक्त ते वर्गातल्या निवडक दहा जणांपुरतं राहता कामा नये.

मुलांना रोज किती हालचाल लागते? शाळेचा तास पुरतो का?

नाही पुरत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल लागते आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम लागतो. आठवड्याचा हिशोब ४२० मिनिटांचा झाला.

आता शाळेचा हिशोब मांडा. आठवड्याला ३ तास, प्रत्येकी ३५ मिनिटं, म्हणजे १०५ मिनिटं. मैदानावर जायला-यायला आणि हजेरीला प्रत्येक तासातली ८-१० मिनिटं जातात. उरलेल्या वेळात रांग, सूचना, वाट बघणं. तास चांगला चालला तरी अंग तापवणारी हालचाल आठवड्याला ५० मिनिटांच्या आसपासच होते. म्हणून ‘मुलांचा व्यायाम झाला’ एवढ्यावर तासाने समाधान मानू नये. उरलेली ३७० मिनिटं मूल गल्लीत, अंगणात, सोसायटीच्या आवारात स्वतःहून खेळेल असं काहीतरी त्याला शिकवणं हे तासाचं काम आहे. ज्याला चेंडू झेलता येत नाही ते मूल संध्याकाळी खेळायला उतरत नाही. ते कडेला उभं राहतं आणि काही दिवसांनी घरातच बसतं.

मध्यम आणि जोरदार यातला फरक ओळखायला यंत्र लागत नाही. हालचाल मध्यम असेल तर बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. जोरदार असेल तर दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो.

दहावीला हा तास गणिताला दिला तर गुण वाढतात का?

शाळांमध्ये सर्रास तास काढून घेतला जातो, तरी त्याने फायदा होतो असं संशोधनातून दिसत नाही. उलट खेळाला दिलेला वेळ अभ्यासाच्या गुणांना मारक ठरत नाही आणि हालचालीनंतर लगेचच्या तासात लक्ष जास्त टिकतं, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा आढळलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही ‘अभ्यासाचे विषय’ आणि ‘इतर उपक्रम’ अशी भिंत नको असं स्पष्ट म्हटलं आहे.

डोळ्यांचा मुद्दा पालकांना सहसा ठाऊक नसतो. दिवसाच्या उजेडात बाहेर राहिल्याने लहान वयात चष्मा लागण्याची शक्यता कमी होते. तैवानने म्हणूनच २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं घराबाहेर ठेवण्याची मोहीम राबवली.

साठ मुलं, एक शिक्षक, ३५ मिनिटं. तास घ्यायचा कसा?

घेता येतो, पण मैदानावर गेल्यावर ठरवू म्हटलं तर जमत नाही. साहित्य कुठे ठेवायचं, गट कोणते, हे तासाआधीच ठरलेलं असावं.

गट वर्षाच्या सुरुवातीला कायमचे करून टाका: दहा-दहाचे सहा. प्रत्येक गटाला एक गटप्रमुख, तो दर महिन्याला बदलायचा. गट उंचीनुसार किंवा ‘चांगले-वाईट’ असे नकोत, मिसळलेले हवेत. आणि दोन कप्तानांनी एकेक खेळाडू निवडायची पद्धत आजच बंद करा. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं.

पहिली ४ मिनिटं: मुलं मैदानावर येतात ती धावतच, आपापल्या गटाच्या खुणेपाशी. हजेरी गटप्रमुख सांगतो, नावं पुकारत बसायचं नाही.

पुढची ६ मिनिटं अंग मोकळं करायला. जागेवर उभं राहून ताण देण्यापेक्षा हलता सराव घ्या: हळू धावणं, गुडघे वर, टाचा मागे, बाजूला सरकणं, हात गोल फिरवत चालणं, शेवटी दोन छोट्या वेगवान धावा. स्नायू ताणून १५ ते ३० सेकंद धरून ठेवायचा व्यायाम तासाच्या शेवटी ठेवा. थंड स्नायूला तो आधी दिला तर फायदा थोडाच होतो आणि लगेचच्या धावण्याचा जोरही कमी पडतो.

मग १२ मिनिटं एकच कौशल्य, सहा ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी दहा मुलं, दोघा-दोघांच्या जोड्या. सूचना ४० सेकंदांत संपवा. आधी करून दाखवा, मग एकच गोष्ट सांगा. ‘कोपर वर’ म्हटलं तर मूल कोपर वर नेतं. पाच गोष्टी एकदम सांगितल्या तर एकही होत नाही. शिक्षकाने मधोमध न थांबता मैदानाच्या कडेने फिरावं, म्हणजे सगळा वर्ग समोर राहतो आणि पाठीमागे कोणी उरत नाही.

त्यानंतर १० मिनिटं त्याच कौशल्याचा छोटा खेळ. पाच विरुद्ध पाच, सहा मैदानं, कुठेही राखीव खेळाडू नाही. शेवटची ३ मिनिटं श्वास शांत करायला आणि एका प्रश्नाला: आज कशामुळे चेंडू लांब गेला?

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा रांगेत. तीस मुलांच्या रांगेत एकेकाने उडी मारली तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाची हालचाल येते. रांग सहापेक्षा लांब दिसली की ती मोडून दोन करा.

‘बाद’ होण्याचे खेळ घ्यावेत का?

घ्यावेत, पण नियम बदलून. विषामृत, डॉजबॉल यांत जे मूल सर्वात हळू असतं ते सर्वात आधी बाद होतं आणि सर्वात जास्त वेळ बसून राहतं. सरावाची गरज त्यालाच सर्वात जास्त असते. बाद झालेल्याने कडेला जाऊन दोरीवरच्या १० उड्या मारून परत यायचं, किंवा शेजारच्या दुसऱ्या मैदानात खेळायला जायचं, एवढा एक बदल पुरतो. लंगडीत बाद झालेल्याला पुढच्या तुकडीत लंगडी घालायला लावा. खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं पूर्ण मैदान आखून अठरा मुलांनी खेळायचं आणि बाकी बेचाळीस जणांनी टाळ्या वाजवायच्या, यापेक्षा चार-चार जणांच्या पाटीची चार छोटी मैदानं आखा.

सुरुवात कोणत्या खेळापासून करावी?

खेळापासून नको, मूळ हालचालींपासून करा. धावणं, उडी मारून उतरणं, लंगडी, तोल सांभाळणं, फेकणं, झेलणं, पायाने मारणं, लोळण घेणं. पहिली ते चौथीत हे पक्कं झालं तर पुढे कबड्डी असो की क्रिकेट, मूल पटकन पकडतं. पाचवीपर्यंत राहून गेलं असेल तर पाचवीत शिकवा. त्यात कमीपणा नाही.

फेकण्याचं उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण तिथे सर्वात जास्त चुका राहतात.

उजव्या हाताने फेकायचं असेल तर डावा खांदा लक्ष्याकडे करून आडवं उभं राहायचं. चेंडू मागे नेताना कोपर खांद्याच्या उंचीला. डावा पाय लक्ष्याच्या दिशेने टाकायचा. मग आधी कंबर वळते, मागोमाग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट. चेंडू सुटल्यावर हात तसाच पुढे येऊन डाव्या मांडीकडे जातो.

सर्वात मोठी चूक म्हणजे उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकणं. मग कंबर अडकते आणि चेंडू नुसत्या हाताच्या जोरावर जातो, म्हणजे आठ-दहा मीटरवर पडतो. तोंडी सांगून ही चूक जात नाही. जमिनीवर खडूने दोन पावलं काढा आणि डाव्या पावलाचा ठसा पुढे ठेवा. दुसरी चूक, कोपर खाली राहणं. त्यासाठी डोक्याएवढ्या उंचीवर दोरी बांधा आणि चेंडू दोरीवरून जायला हवा एवढंच सांगा. तिसरी चूक आपण मोठी माणसं करतो: लक्ष्य फार जवळ आणि छोटं ठेवतो. मूल मग नेम साधायला हळू फेकतं आणि फेक बिघडते. आधी लांब आणि जोरात, नेम नंतर.

‘मुलींना फेकता येत नाही’ हे वाक्य मैदानावर ऐकू येतं. झाडावरच्या चिंचा आणि कैऱ्या पाडायची मोकळीक बहुतेक वेळा मुलग्यांना मिळते, हा त्या सरावाचा फरक आहे. चौथीतल्या मुलीला सहा आठवडे वर सांगितल्यासारखं शिकवा, फेक डोळ्यांदेखत बदलते.

उडीबद्दल एकच सांगायचं आहे: उतरणं आधी शिकवा. पायांचे चवडे आधी, मग टाच, गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत. उतरताना गुडघे आत वळत असतील तर तिथेच थांबवून सुधारा. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या आतल्या दोरीला इजा होण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त असतं आणि त्यामागे असं उतरणं हे एक कारण असतं.

साहित्याला पैसे नाहीत. काय करावं?

एका चेंडूवर साठ मुलं हे गणित सुटणार नाही, पण कंपनीचे साठ चेंडूही लागत नाहीत. जुन्या जाड कापडाच्या १२ सेंटिमीटरच्या चौकोनी पिशव्या शिवून त्यात प्रत्येकी सव्वाशे ग्रॅम चिंचोके भरा. झेलायला शिकण्यासाठी त्या चेंडूपेक्षा बऱ्या, कारण घरंगळत जात नाहीत आणि लागतही नाहीत. प्लास्टिकच्या बाटल्यांत तळाशी चार बोटं वाळू भरली की मैदानाच्या खुणा तयार. सायकलचे जुने टायर उड्यांसाठी चालतात; आतली तार बाहेर आली असेल तर तो टायर फेकून द्या. दोरी सुताची घ्या, नायलॉनची हलकी दोरी हवेत तरंगते आणि लय बसत नाही. दोरीच्या मधोमध उभं राहून दोन्ही टोकं काखेपर्यंत आली की लांबी बरोबर.

आखणीला फक्की घेताना ती चुनखडीची किंवा संगमरवराची पूड आहे ना, हे विचारून घ्या. भिजवलेला किंवा कळीचा चुना मैदानावर नको. तो ओल्या त्वचेला भाजतो आणि डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. गेलाच, तर वाहत्या पाण्याने किमान २० मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टर.

मैदान नाही किंवा पाऊस आहे. तास रद्द करायचा का?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असणं अपेक्षित धरलं आहे. तरीही शहरांत अनेक शाळांकडे फक्त अंगण असतं आणि कोकणात चार महिने मैदानाचं तळं होतं. १० बाय १० मीटरच्या जागेत तीस मुलांचा तास होतो: जोडीने झेल, तोल सांभाळणं, लेझीम, दोरीवरच्या उड्या, लंगडीच्या तुकड्या. वर्गातच थांबावं लागलं तर बाकांमधल्या जागेत सूर्यनमस्कार, बाकाला हात टेकून जोर, बैठका. ओल्या व्हरांड्यात मात्र धावणं नाहीच. मोजे घालून फरशीवर धावणंही नाही.

पावसाळ्याचे चार महिने बुद्धिबळ आणि कॅरमवर काढणं आम्हाला पटत नाही. ते खेळ चांगले आहेत, मुलांनी जरूर खेळावेत, पण या तासाच्या बदल्यात नको.

सूर्यनमस्कार आणि योगासनं घेतली की पुरे का?

लवचिकता, तोल आणि श्वासावरचं लक्ष यासाठी उत्तम. सलग आणि जलद घातलेले सूर्यनमस्कार दमही वाढवतात. पण त्यात फेकणं-झेलणं नाही, दिशा बदलून धावणं नाही आणि दुसऱ्या खेळाडूचा अंदाज घेणं नाही. आठवड्याच्या तीन तासांतला एक तास योगाला द्या, तिन्ही देऊ नका.

शारीरिक क्षमता चाचणी कशी घ्यावी आणि तिचं पुढे करायचं काय?

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया-फिट इंडिया चाचणीचे दोन भाग आहेत. पहिली ते तिसरीला उंची-वजन, एका पायावर तोल आणि तबकड्यांवर हात मारण्याची चाचणी. चौथी ते बारावीला उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, पोटाचे उठाव आणि जोर (मुलींसाठी गुडघे टेकून).

कागदावर हे सोपं दिसतं, चुका होतात मोजताना.

५० मीटर: अंतर पोलादी टेपने मोजा, कापडी टेप ताणला जातो. घड्याळ शिट्टीच्या आवाजावर सुरू करू नका. ५० मीटरवरून आवाज यायला सुमारे ०.१५ सेकंद लागतो आणि या धावेत तेवढा फरक मोठा असतो. सुरुवात करणाऱ्याने हात खाली आणला की घड्याळ चालू. शेवटच्या रेषेच्या पुढे किमान १५ मीटर जागा मोकळी हवी; भिंत दिसली की मूल आधीच वेग कमी करतं.

६०० मीटर: छोट्या जागेत ३० बाय २० मीटरचा आयत आखा, एक फेरी १०० मीटरची, सहा फेऱ्या. चारही कोपऱ्यांवर बाटल्या ठेवा, नाहीतर कोपरे कापले जातात. फेऱ्या मोजायला प्रत्येक धावणाऱ्याचा एक जोडीदार ठेवा, तो फेरीगणिक एक रबर बँड हातात देतो. कोपऱ्यांमुळे या आयतातली वेळ मोठ्या मैदानापेक्षा जास्त येते, म्हणून दुसऱ्या शाळेशी तुलना नको. त्याच जागेवर, त्याच मुलाची, सहा महिन्यांनी. पहिल्या फेरीत जीव तोडून धावणं आणि तिसरीत चालणं हा सार्वत्रिक प्रकार असतो. चाचणीआधी दोन तास ‘पहिली आणि शेवटची फेरी सारख्याच वेळात’ असा सराव घ्या.

बसून पुढे वाकणं: बूट काढून, गुडघे सरळ, अंग आधी तापवून. बोटं दोन सेकंद स्थिर राहिली तरच नोंद, हिसका दिलेला धरायचा नाही. बारा-चौदाव्या वर्षी हा आकडा अचानक घसरलेला दिसतो. उंची वाढताना पाय आधी लांबतात, त्यामुळे असं होतं. त्याला आळशी ठरवू नका.

उंची-वजन: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, तो बीएमआय. ३५ किलो आणि १.४० मीटर असेल तर ३५ भागिले १.९६, म्हणजे १७.९ च्या आसपास. मोठ्यांसाठीची १८.५ ते २५ ही पट्टी मुलांना लावायची नाही. मुलांचा आकडा वय आणि लिंगानुसारच्या तक्त्यावरच वाचतात. वजन एकेकाला आत बोलावून घ्या, आकडा मोठ्याने वाचू नका. ‘जाड्या’ आणि ‘काडी’ ही नावं अशाच दिवशी चिकटतात आणि वर्षानुवर्षं जात नाहीत.

नोंद झाली की कागद कपाटात ठेवायचा नाही. प्रत्येक मुलाने आपला एकच आकडा निवडायचा आणि सत्र संपेपर्यंत तो सुधारायचा. श्रेणी देताना नुसती वेळ बघू नका. उपस्थिती, सुधारणा आणि कौशल्यातला बदल जास्त महत्त्वाचा धरा. नाहीतर जन्मतः वेगवान मुलाला काही न करता ‘अ’ मिळतो.

उन्हाळ्यात तास कधी घ्यावा? पाणी किती?

विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून सकाळी ९ च्या आधी. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि खेळाच्या नादात त्यांना तहान कळत नाही. ९ ते १२ वर्षांच्या मुलाला खेळताना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलीलिटर पाणी लागतं, किशोरांना त्याहून जास्त. म्हणून ‘तास संपल्यावर प्या’ हा नियम मोडा. शालेय पोषण आहाराच्या जेवणानंतर लगेच मैदानाचा तास ठेवू नका. भरल्या पोटी धावलं की कुशीत कळ येते, मळमळ होते. वेळापत्रक करतानाच हे बघा.

मूल भेलकांडत असेल, असंबद्ध बोलत असेल, अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा. सावलीत नेणं, कपडे सैल करणं, अंगभर पाणी ओतून वारा घालणं आणि १०८ ला फोन, हे सगळं एकदम. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी देऊ नका.

पाळीच्या दिवसांत मुलींनी खेळावं का?

खेळायला वैद्यकीय अडचण काही नाही. हलक्या व्यायामाने पोटदुखी अनेकींना कमी वाटते. ज्या मुलीला त्या दिवशी नको वाटतं तिला कारण न विचारता हलकं काम द्या: वेळ मोजणं, चालणं. ‘कोणाला बसायचंय?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. बऱ्याचदा अडचण कपड्यांची, स्वच्छतागृहाची आणि पॅड मिळण्याची असते. ती सोडवा: ट्रॅक पँटला परवानगी, ओढणी बाजूला ठेवायची सोय, बाईंकडे पॅडची पिशवी.

मुलगी लवकर धापा टाकते, चेहरा फिका आहे, जिना चढून थकते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा मुलीला ‘स्टॅमिना नाही’ म्हणून फेऱ्या वाढवण्यात अर्थ नाही. हिमोग्लोबिन तपासायला पाठवा आणि शाळेतली साप्ताहिक लोहाची निळी गोळी ती खरंच घेते का ते बघा. गोळी जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही.

दमा, फिट्स किंवा अपंगत्व असलेल्या मुलाला तासातून सूट द्यावी का?

सरसकट सूट देऊ नये. दमा असलेल्या मुलाने डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाआधी १०-१५ मिनिटं पंप घ्यावा. पंप दप्तरात नको, मैदानावर हवा. त्याला अंग तापवायला जास्त वेळ द्या, थंड हवेत एकदम वेगवान धाव नको. फिट्स येणाऱ्या मुलाला पोहणं आणि उंचावरचा मल्लखांब डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय आणि शेजारी माणूस असल्याशिवाय नाही; बाकी खेळ बहुतेक वेळा चालतात. हृदयविकार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आधी.

अपंग मुलासाठी चार गोष्टी बदलून बघा: जागा, काम, साहित्य आणि सोबतची माणसं. मैदान छोटं करा. झेलायच्या आधी एक टप्पा पडू द्या. दिसत नसेल तर छर्रे भरलेला आवाज करणारा चेंडू. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाच्या बाजूने खेळणाऱ्यांनी चेंडू त्याच्याकडून गेल्याशिवाय गोल करायचा नाही. त्याला कायमचा गुणलेखक करून टाकू नका.

शिक्षा म्हणून उठाबशा किंवा मैदानाच्या फेऱ्या चालतात का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, गृहपाठ विसरल्याबद्दल ज्याला पाच फेऱ्या मारायला लावल्या ते मूल धावण्याला आयुष्यभर शिक्षा समजेल. बैठका हा सुंदर व्यायाम आहे. कान धरून काढायला लावला की तो बदनाम होतो. आणि उलटी शिक्षाही नको: दंगा केला म्हणून मैदानाचा तास बंद करायचा नाही.

दुखापत झाली तर पहिल्या दहा मिनिटांत काय?

मुरगळलं तर खेळ थांबवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. चोळायचं नाही. पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर क्ष-किरण काढून घ्या.

डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलं, ओकलं, डोकं दुखतंय म्हणालं तर त्या दिवशी पुन्हा मैदानावर नाही, कितीही ‘बरं वाटतंय’ म्हणालं तरी. डॉक्टरांना दाखवा.

पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता उचला, दुधात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे जा. असा दात पुन्हा बसवता येतो. तो कागदात गुंडाळून घरी नेल्यास बहुधा वाया जातो.

टाळण्याजोगे अपघात बरेचसे मैदानाचे असतात. रोज सकाळी खडे-काचा वेचा, पाणी मारा. खो-खोत खांबाजवळ सूर मारायचा तर माती भुसभुशीत हवी. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू प्रत्येक सत्राआधी फावड्याने उकरून सैल करा; पावसानंतर घट्ट बसलेली वाळू काँक्रीटसारखी लागते. हलते गोलपोस्ट जमिनीत खिळवा, कोणी लोंबकळलं की ते उलटतात.

वजन उचललं किंवा जोर-बैठका काढल्या तर उंची खुंटते का?

खुंटत नाही. स्वतःच्या शरीराचं वजन पेलणारे व्यायाम, म्हणजे जोर, बैठका, दोरी चढणं, मल्लखांब, शाळकरी वयात चांगलेच आहेत. उड्यांमुळे याच वयात हाडं भरतात. धोका असतो तो देखरेखीशिवाय, चुकीच्या पद्धतीने जड वजन उचलण्यात आणि कोण जास्त उचलतो या पैजेत.

मुलगा एकाच खेळात पुढे आहे. त्यालाच पूर्ण वेळ द्यावा का?

बारा-तेरा वर्षांपर्यंत दोन-तीन खेळ चालू ठेवा. ढोबळ नियम असा की संघटित सराव आठवड्याला मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास नको. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास पुष्कळ झाले. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर ‘सहन कर’ म्हणू नका. तिथलं वाढतं हाड ताणलं जात असतं, उड्या आणि धावणं काही आठवडे कमी करावं लागतं.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतलं ५ टक्के आरक्षण यांचे नियम वेळोवेळी बदलतात. प्रमाणपत्र कोणत्या स्पर्धेचं ग्राह्य धरतात हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून आधी खात्री करून घ्या, स्पर्धा झाल्यावर नाही.

मुलीला मैदानावर जायचंच नसतं. घरी काय करावं?

आधी कारण शोधा. हसतात म्हणून? चेंडूची भीती? चष्मा? बूट चावतात? भीती असेल तर मऊ चेंडू घ्या आणि रोज १० मिनिटं, दोन मीटरवरून, खालून फेकून झेल द्या. दहापैकी आठ झेल आले की एक पाऊल मागे. तीन-चार आठवड्यांत ती गटात उभी राहते. स्पर्धा आवडत नसेल तर सायकल, पोहणं, लेझीम, डोंगर चढणं, नाच यांतलं काहीही चालेल.

तास नीट चालतो आहे हे मुख्याध्यापकाने कसं ओळखावं?

ट्रॉफ्या मोजून नव्हे. न सांगता मैदानाच्या कडेला उभे राहा आणि तीन मुलं निवडा: एक चपळ, एक साधारण आणि एक नेहमी मागे राहणारं. पाच मिनिटं, दर २० सेकंदांनी तिघांकडे बघून कागदावर खूण करा: हलतंय, उभं आहे, बसलंय. प्रत्येकाच्या १५ नोंदी होतील. तिसऱ्या मुलाच्या निम्म्या नोंदी ‘हलतंय’ असतील तर तास उत्तम चालला आहे. चपळ मुलाच्या १३ आणि त्याच्या ३ आल्या, तर शिक्षकांना बोलवा, तो कागद दोघांच्या मध्ये ठेवा आणि रांगा, गट, चेंडूंची संख्या यांतलं आधी काय बदलायचं ते ठरवा. महिन्याभराने पुन्हा त्याच तीन मुलांकडे बघा.